फवारणाऱ्याच्या अंगावर काय हवे?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत शेकडो रुग्ण यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येत राहिले. कुणाला उलट्या थांबत नव्हत्या, कुणाला दिसेनासे झाले होते, कुणी भ्रमात एवढे हातपाय झाडत होते की खाटेला बांधून ठेवावे लागले. अकोला, अमरावती, बुलडाण्याकडूनही तशाच बातम्या आल्या. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे याचिका गेली. या साऱ्या गदारोळात एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर आले: हातमोजे नाहीत, मास्क नाही, चष्मा नाही, शेतकरी स्वतःच्या जिवाची काळजी घेत नाहीत.

ते वाक्य खोटे नाही. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आणि पाय उघडे, हेच चित्र आजही बहुतेक शिवारांत दिसते. पण त्या वाक्याने चौकशी संपते, ही खरी अडचण आहे. कोणते साधन शरीराचा कोणता भाग वाचवते, ते कुठे मिळते, ते घालून भर उन्हात किती वेळ काम होते, ते कुणी विकत घ्यायचे आणि मुळात ते घातल्याशिवाय हाताळता येणार नाही असे औषध त्याच्या हातात कुणी दिले, हे सगळे प्रश्न मागे राहतात. त्या प्रश्नांत शिरले की दोषाचे ओझे एकट्या फवारणाऱ्याच्या पाठीवर ठेवता येत नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. कीटकनाशके अधिनियम १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे. त्यातला ३९ वा नियम संरक्षक कपड्यांविषयी आहे. औषध आत झिरपू देणार नाही आणि प्रत्येक वापरानंतर धुता येईल असे कापड हवे. अंगभर झगा आणि टोपी, मनगट आणि कोपर यांच्या मध्यापर्यंत येणारे रबरी हातमोजे, धूळ आत न जाऊ देणारा चष्मा आणि बूट, असा पूर्ण पोशाख त्यात सांगितला आहे. ३७ वा नियम वैद्यकीय तपासणीचा. या कामावर ठेवण्याआधी आणि पुढे कारखान्यांत दर तीन महिन्यांनी, इतरत्र वर्षातून एकदा तपासणी व्हावी, सेंद्रिय फॉस्फरस किंवा कार्बामेट गटातली औषधे हाताळणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज दर महिन्याला मोजावे, असे तो सांगतो. नियम वाईट नाहीत, पण ते वाचताना डोळ्यांपुढे कारखाना उभा राहतो, जिथे मालक आहे, हजेरीपट आहे, कंपनीचा डॉक्टर आहे. आर्णी किंवा घाटंजी तालुक्यात चार एकरवाल्या शेतकऱ्याने दोन दिवसांसाठी सांगितलेल्या मजुराची दर महिन्याला रक्ततपासणी कोण करणार? तो आज याच्या शेतात असतो, उद्या दुसऱ्याच्या. फवारणीचा हंगाम जोरात असला की त्याच्यासारखी सवय असलेली माणसे रोज फवारतात, दिवसच्या दिवस. शेतमालक आपल्या शेतात हंगामात पाच-सहा वेळा फवारणी करेल. मजूर तेवढी आठवड्यात करतो.

इथे विषाची रीत समजून घ्यावी लागते. सेंद्रिय फॉस्फरस गटातली औषधे, म्हणजे मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट वगैरे, शरीरातील कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. मज्जातंतूकडून स्नायूला गेलेला निरोप पोहोचल्यावर बंद करण्याचे काम हे विकर करते. ते बंद पडले की निरोप चालूच राहतो. लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, स्नायू फडफडतात, छातीत पाणी साचते आणि शेवटी श्वास थांबतो. गेलेले विकर भरून यायला आठवडे लागतात. त्यामुळे आज थोडे, उद्या थोडे असे औषध अंगात गेले तर पहिल्या दिवशी नुसते डोके दुखते आणि सहाव्या दिवशी माणूस बांधावरच कोसळतो. लोक म्हणतात, काल तर चांगला होता. काल तो चांगला नव्हता, काठावर होता.

हे विष अंगात शिरते कुठून? बहुतेकांना वाटते नाकातोंडातून, कारण वास नाकाला येतो. म्हणून दुपट्टा तोंडावर जातो आणि तेवढ्याने सुरक्षित झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात शेतातल्या फवारणीत अंगात जाणाऱ्या औषधाचा मोठा वाटा कातडीतून जातो, आणि सगळी कातडी सारखी नसते. पॅराथियॉन या सेंद्रिय फॉस्फरस औषधावर अमेरिकेत १९७० च्या सुमारास झालेल्या प्रयोगांतून शरीराचा जणू नकाशाच हाती आला. कोपराखालच्या हाताच्या कातडीतून जेवढे शोषले जाते ते एक धरले तर तळहातातून सव्वापटीहून थोडे जास्त, पोटावरून दुपटीने, टाळूवरून पावणेचारपट, कपाळावरून चौपटीहून जास्त, कानाच्या पोकळीतून पाचपटीहून जास्त आणि जांघेतल्या नाजूक कातडीतून जवळजवळ बारापट शोषण होते. पाठीवरच्या पंपाचे झाकण सैल असेल, वायसर झिजला असेल, तर गळणारे पाणी पाठीवरून ओघळत नेमके कुठे जाते याचा विचार केला की अंगावर काटा येतो. ओली पँट घालून माणूस दिवसभर चालतो आणि घामाने कातडी अधिकच शोषक होते. तोंडाला बांधलेला दुपट्टा या सगळ्यावर काहीही करत नाही.

सगळ्यांत धोक्याचा क्षण मात्र फवारणी सुरू होण्याआधीच येऊन गेलेला असतो. तो जरा जवळून पाहू. बांधावर पाण्याची टाकी किंवा ड्रम. बाटलीचे झाकण घट्ट बसलेले, ते दाताने किंवा पिळून उघडायचे. मापाचे झाकण असते, पण पंप भरायची घाई असते, म्हणून अंदाजाने ओतले जाते आणि ओतताना बाटलीच्या कडेवरून बोटांवर येते. मग हातातली काडी किंवा सरळ हातच पाण्यात घालून ढवळायचे. एखाद्या औषधाचे प्रमाण १० लिटर पाण्याला २० मिलिलिटर असेल तर पाण्यात गेल्यावर ते पाचशेपट पातळ होते. याचा अर्थ बोटांवर सांडलेले एक मिलिलिटर मूळ औषध आणि अंगावर उडालेले अर्धा लिटर फवाऱ्याचे पाणी, दोन्हींत विष सारखेच. एकरी १५० ते २०० लिटर पाणी लागते आणि पंप १६ लिटरचा. म्हणजे एकरामागे दहा-बारा वेळा बाटली उघडायची. तीन एकर फवारणारा दिवसाला तीस-पस्तीस वेळा त्या कडेशी हात लावतो. त्यातच कृषी सेवा केंद्रातून दोन-तीन औषधे, वर टॉनिक आणि बुरशीनाशक असा एकत्र घोळ करून मारायचा सल्ला मिळालेला असतो, म्हणजे दर वेळी तीन-चार बाटल्या.

माझे मत स्पष्ट आहे. शेतकऱ्याला एकच साधन देता येणार असेल तर ते मिश्रण करताना घालायचे चांगले हातमोजे असावेत, मास्क नव्हे. मोजेही कोणते, याला महत्त्व आहे. कापडी मोजे औषध शोषून कातडीला चिकटवून ठेवतात, ते नसलेले बरे. दवाखान्यातले पातळ लॅटेक्सचे मोजे औषधातल्या विद्रावकापुढे फार वेळ टिकत नाहीत. जाडसर नायट्राइलचे, मनगटाच्या वर जाणारे मोजे हवेत, आणि काढण्याआधी हातातच साबणाने धुवायचे. नाहीतर काढताना दुसऱ्या हाताला लागलेच. आणखी एक साधी गोष्ट कुणी सांगत नाही: खालच्या पिकावर फवारताना सदऱ्याची बाही मोज्याच्या वरून यावी, म्हणजे ओघळ मोज्यात शिरत नाही, हात वर करून झाडावर फवारताना उलट, मोजा बाहीच्या वर. गमबुटाचेही तेच. पँट बुटाच्या आत खोचली तर बूट आतून औषधाने भरतो.

दुसरे साधन हवे ते कमरेखाली आणि पाठीवर. साधा जाड प्लॅस्टिकचा तुकडा पंपाखाली पाठीवर आणि दुसरा पोटापासून गुडघ्यापर्यंत बांधला तरी जांघ आणि पाठ कोरडी राहते. तो गरम होतो, पण अंगभर झग्याएवढा नाही. त्याहून महत्त्वाचा न गळणारा पंप. वायसर, नोझल, नळीची पकड हे दहा-वीस रुपयांचे भाग वेळेवर बदलणे हेही संरक्षणच आहे. अडकलेले नोझल तोंडाने फुंकण्याची सवय मात्र जीवघेणी आहे. त्यासाठी खिशात एक जुना दात घासायचा ब्रश पुरतो.

मास्कबद्दल फार लिहीत नाही. कापड आणि पातळ वैद्यकीय मास्क औषधाची वाफ अडवत नाहीत. ओले झाले की तेच तोंडाशी धरलेले विष होते. वाफेसाठी सक्रिय कोळशाच्या डबीचा मास्क लागतो आणि त्या डब्या बदलाव्या लागतात. चष्मा घामाने धुरकटतो, म्हणून कपाळावर चढतो. कडेने हवा खेळेल असा असेल तरच डोळ्यांवर राहतो. २०१७ नंतर कृषी विभागाने, कंपन्यांनी, संस्थांनी सुरक्षा किट वाटली. त्यांतली पुष्कळशी साधने एका हंगामापुरतीही नव्हती: पातळ मोजे, पातळ मास्क, एकाच मापाचा झगा. किट दिल्याचा फोटो निघाला की काम झाले असे मानले जाते. पुढच्या वर्षी तो मोजा तालुक्याच्या कोणत्या दुकानात मिळेल, हा प्रश्न विचारायला हवा. औषधे विकणाऱ्या कृषी सेवा केंद्रात त्या औषधासाठी लागणारे मोजे शोधायला जा. बहुतेक ठिकाणी हात हलवत परत यावे लागेल.

कपड्यांबाबत घरोघरी करता येण्यासारखी गोष्ट आहे. फवारणीचा एक जोड वेगळा ठेवावा, पूर्ण बाह्यांचा, जाड विणीच्या सुती कापडाचा. अमेरिकेत धुण्यावर झालेल्या अभ्यासांत असे आढळले की खळ दिलेल्या कापडात औषधाचा बराच भाग खळीतच अडकतो आणि धुताना खळीबरोबर निघून जातो. आपल्याकडे कांजीची खळ घरात होते, तिला पैसे पडत नाहीत. पण मग प्रश्न येतो, धुणार कोण? ते कपडे घरातली बाई धुते, बहुधा उघड्या हातांनी आणि बाकीच्या कपड्यांबरोबर. फवारणीसाठी पाणी आणून ड्रम भरणारी, कित्येकदा औषध कालवून देणारीही तीच. दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, निंदणीला किंवा वेचणीला उतरणारीही तीच. सुरक्षा साधनांच्या एकाही पोस्टरवर तिचे चित्र मला दिसलेले नाही. पंप पाठीवर नाही म्हणून ती हिशेबात नाही. फवारलेल्या शेतात किती वेळ जाऊ नये, हे बाटलीवरच्या माहितीपत्रकात कुठेतरी बारीक अक्षरात असते. मजुरीला बोलावताना ते कुणी सांगत नाही.

आता उन्हाकडे वळू, कारण पूर्ण पोशाखाची गोष्ट तिथेच अडते. विदर्भात गुलाबी बोंडअळीची फवारणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जोरात असते. हवा दमट, वारा पडलेला, पारा पस्तिशीच्या आसपास, पाठीवर वीस किलोचे ओझे. अशा वेळी न झिरपणारा झगा घातला तर घाम बाहेर पडायला वाट राहत नाही आणि माणूस औषधाऐवजी उष्माघाताने पडेल. 'दम कोंडतो, काम उरकत नाही' हे मजुराचे उत्तर आळसाचे नाही, शरीराचे आहे. २०१७ साली त्यात आणखी भर पडली. पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती, ओळी एकमेकींत मिसळल्या होत्या आणि बाजारात आलेले जोरदार पंप अगदी बारीक तुषार उडवत होते. छातीएवढ्या पिकासाठी दिलेला, वाऱ्याकडे पाठ करून चाला, हा सल्ला तिथे लागूच होत नाही. फवारणारा आपल्याच फवाऱ्यातून चालत असतो.

या परिस्थितीचा विचार करून ठेवणारे एक कलम जागतिक पातळीवर आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कीटकनाशकविषयक आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत म्हटले आहे की, ज्या औषधांसाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात ती औषधे टाळावीत. विशेषतः उष्ण हवामानातल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या बाबतीत. संहिता पहिल्यांदा १९८५ मध्ये आली आणि भारताने ती मान्य केलेली आहे. या एका कलमाने साऱ्या चर्चेची दिशा फिरते. साधन वापरले नाही म्हणून माणूस मेला असे म्हणण्याआधी, ज्या औषधाला असे साधन लागते ते त्या हवेत, त्या माणसाला विकायला परवानगी कशी मिळाली, हे सांगणे परवानगी देणाऱ्याचे काम ठरते.

यवतमाळनंतर पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत काही औषधांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली. त्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेनथियुरॉन आणि काही मिश्र औषधे होती. साठ दिवस संपले की दुकाने पुन्हा भरली. मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्क्यांच्या द्रवावर केंद्राने २०२३ मध्ये बंदी घातली, तीही उरलेला साठा मुदतीपर्यंत विकू देऊन. भाज्यांवर ते वापरायला २००५ पासूनच मनाई होती. भाजी खाणाऱ्याला ते घातक आहे हे आपल्याला कपाशी फवारणाऱ्याच्या कितीतरी आधी पटले. डायफेनथियुरॉनची गोष्ट आणखी बोलकी आहे. स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या वापराला परवानगी नाही आणि त्यावर नेमका उतारा असलेले औषध डॉक्टरांकडेही नाही. यवतमाळमधल्या दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी त्याच देशातल्या एका कंपनीविरुद्ध बाझेल इथे दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे.

खाणाऱ्याची काळजी आधी आणि फवारणाऱ्याची मागून, हे फक्त कपाशीत नाही. नाशिक-सांगलीच्या निर्यातीच्या द्राक्षबागेची अपेडा या कृषिमाल निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट प्रणालीवर नोंद असते, घडातल्या औषधाच्या अवशेषांची प्रयोगशाळेत तपासणी होते, कारण युरोप ती मागतो. त्याच बागेत ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरमागे उडणाऱ्या धुक्यात बसलेल्या चालकाच्या रक्ताची तपासणी मागणारा कुणी ग्राहक नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडचे द्रावण लावणारे मजूर पाहावेत. हे द्रावण कातडी भाजते, आणि त्यानंतर कुणी दारू घेतली तर छाती धडधडून, चेहरा लाल होऊन माणूस घाबराघुबरा होतो. बागायतदार हे जाणतात आणि बहुतेक जण मजुरांना मोजे देतातही, कारण तिथे पैसा आहे आणि परिणाम हातावर लगेच दिसतो. कोकणात हापूसच्या झाडाखाली उभे राहून उंच फांदीवर गन मारणाऱ्याच्या डोक्यावर, कपाळावर आणि कानांत सगळे तुषार परत पडतात. वर सांगितलेला कातडीचा नकाशा आठवला तर तिथे पहिली गरज कान झाकणाऱ्या, पाणी न शोषणाऱ्या रुंद टोपीची आहे. पीक बदलले की साधन बदलते, हे किट वाटणाऱ्यांच्या गावीही नसते.

नव्या उपायांपैकी दोहोंचा उल्लेख करायला हवा. बंगळुरूच्या इनस्टेम या केंद्रीय संशोधन संस्थेने तयार केलेला 'किसान कवच' हा पोशाख डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीत सादर झाला. त्याचे कापड औषध नुसते अडवत नाही, अंगावर पडलेल्या सेंद्रिय फॉस्फरस औषधाचे रेणू तोडून निकामी करते; तो धुऊन वर्षभर वापरता येतो. कल्पना उत्तम आहे आणि आपल्या हवेचा विचार करून केलेली आहे. सादर होताना किंमत सुमारे ४ हजार रुपये होती. मजुराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीएवढी ही रक्कम त्याने खर्च करावी अशी अपेक्षा ठेवली तर हा पोशाख प्रदर्शनातच राहील. कीटकनाशकांच्या विक्रीवर आकार घेऊन तो गावपातळीवर भाड्याने मिळाला तर गोष्ट वेगळी. दुसरा उपाय ड्रोन. तो माणसाला फवाऱ्यातून बाहेर काढतो, हा मोठाच फायदा. पण ड्रोनच्या टाकीत पाणी थोडे असते म्हणून औषध अधिक तीव्र असते, आणि ते कालवणारे हात माणसाचेच. बचत गटांतल्या महिलांना ड्रोन दिले जात आहेत, तेव्हा त्यांच्या हातात मोजेही त्याच खोक्यातून यायला हवेत.

सगळ्यांत खात्रीचे संरक्षण मात्र न केलेल्या फवारणीचे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस आहे की कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली दिसली तरच बोंडअळीवर फवारावे. पहिल्या दोन महिन्यांत निंबोळी अर्क, डिसेंबरअखेर पीक काढून टाकणे, फरदड (त्याच झाडांवरचे लांबवलेले पीक) न घेणे, हे सारे शेतकऱ्याला ऐकून पाठ झाले आहे. तरी फवारण्या होतात, कारण बीटी कपाशीवर गुलाबी अळी आता मरत नाही, नुकसानीची भीती मोठी आहे आणि सल्ला देणारा माणूस बहुधा औषध विकणाराच असतो. गावागावांत कृषी सहायक पुरेसे असते आणि त्यांचा शब्द दुकानाच्या आधी पोहोचला असता तर फवारण्या निश्चितच कमी झाल्या असत्या.

आणि तरीही माणसे आजारी पडणारच असतील, तर दवाखाना तयार हवा. २०१७ मध्ये कोलिनेस्टरेज मोजण्याची सोय यवतमाळला नव्हती, हे सर्वांसमोर आले. ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम हे सेंद्रिय फॉस्फरसवरचे उतारे तालुक्याच्या रुग्णालयात असावेत, रुग्णाबरोबर औषधाची रिकामी बाटली आणावी हे प्रत्येक सरपंचाला माहीत असावे, आणि फवारणीची विषबाधा आत्महत्येच्या प्रयत्नांपासून वेगळी नोंदवली जावी. वेगळी नोंद नसेल तर किती जणांना औषध लागले हे कळत नाही, आणि न कळलेल्या आजारासाठी तरतूद होत नाही. भरपाईचेही तसेच. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत जंतुनाशके हाताळताना झालेल्या विषबाधेचा समावेश आहे, मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. लाभार्थी मात्र सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला एक सदस्य. दुसऱ्याच्या शेतात पंप पाठीवर घेणारा भूमिहीन मजूर, ज्याच्या अंगात हंगामभर सर्वांत जास्त औषध जाते, त्या यादीत नाही. त्याला त्यात आणायला नवे संशोधन लागत नाही, शासन निर्णयातली एक ओळ बदलावी लागते. ती पुढच्या खरिपाआधी बदलता येईल.